मैनाची म्होरकी: बिघडलेलं वासरू दोरावर आणताना

आमचा गोठा फलटण तालुक्यात, मुक्त पद्धतीचा. अकरा दुभत्या गाई, सगळ्या होल्स्टीन संकरित. २०१९ मध्ये आम्ही गव्हाणीसमोरचे खुंटे उपटले, भोवती जाळी मारली आणि जनावरं मोकळी केली. गाईंच्या गुडघ्यांच्या सुजा गेल्या, गाय माजावर आलेली, म्हणजे गाभण राहायला तयार झालेली, लांबून दिसायला लागली, शेण उचलायच्या खेपा कमी झाल्या. या पद्धतीबद्दल माझी आजही तक्रार नाही. पण खुंटा गेला तसं दावंही गेलं, आणि या गोठ्यात जन्मून वाढलेल्या कालवडींना माणसाच्या हातातला दोर म्हणजे काय, हे कोणी शिकवलंच नाही. आमच्या हे ध्यानात यायला तीन वर्षं गेली.

पुढे लिहिते ती एका वासराची हकिकत आहे. नाव मैना, जन्म डिसेंबर २०२२ च्या पहिल्या आठवड्यातला. तिला दोरावर आणायचं काम आधी मी बिघडवलं आणि मग जाणत्या माणसाच्या हाताखाली शिकून दुरुस्त केलं. दोन्ही भाग सविस्तर लिहिते, कारण कोरं वासरू शिकवणं त्या मानाने सोपं असतं. एकदा दोराला घाबरलेलं वासरू पुन्हा दोरावर कसं आणायचं, हे विचारणाऱ्या बायका मला जास्त भेटतात.

आधी चंद्री

मैनाच्या आधी चंद्रीचं सांगायला हवं. सप्टेंबर २०२२ मध्ये लम्पी या जनावरांच्या त्वचारोगाची साथ जोरात होती. जनावरांचे बाजार बंद झाले होते आणि गावोगावी गोट पॉक्सची लस टोचली जात होती. आमच्याकडे लस द्यायला माणसं आली तेव्हा दुभत्या गाई गव्हाणीवर खाता खाता उभ्या राहिल्या. चौदा महिन्यांची चंद्री मात्र कोणाच्या हाताला लागेना. शेवटी तिला कोपऱ्यात घेतली, मानेत फास टाकला, आणि तिने सरळ जाळीकडे उडी घेतली. ह्यांनी दोराचा वेढा हाताला गुंडाळला होता. अनामिका मधल्या पेरात मोडली. चंद्रीच्या पुढच्या पायाला तार लागून वीतभर कातडं फाटलं. लस त्या दिवशी राहिलीच. दोन दिवसांनी चार-पाच माणसांनी तिला ट्रॉलीच्या आडोशाला दाबून धरली तेव्हा ती टोचली गेली.

डिसेंबरअखेर ती माजावर आली. कृत्रिम रेतन करणारे आले आणि तासभर पळापळ बघून परत गेले. एकवीस दिवसांनी पुन्हा तेच. तिसऱ्या माजाला, फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, तिला गाईंच्या घोळक्यातून हाकलत शेजारच्या खोड्यात, म्हणजे जनावर अडकवून उभं करायच्या चौकटीत, नेली आणि काम उरकलं. खोड्यात अडकली होती तेवढ्यात टेप लावून घेतला: छातीचा घेर ६२ इंच, खांद्याच्या टोकापासून मागच्या हाडापर्यंत लांबी ५२ इंच. घेराचा वर्ग, गुणिले लांबी, भागिले ६६०, म्हणजे तीनशे किलोच्या आसपास. एवढ्या वजनाचं जनावर माणसाने ओढून कधी हरत नाही, आणि आपण हरवू शकत नाही हे त्या जनावराला एकदा कळलं की पुढे प्रत्येक वेळी ते आठवणीत ठेवतं. ते रेतन ठरलं नाही. घाबरल्यामुळेच ठरलं नाही असं मी म्हणणार नाही, पण दोन महिने हातचे गेले होते हे खरं.

मी कुठे चुकले

मैना तेव्हा नऊ आठवड्यांची. मनात घेतलं की चंद्रीचं झालं ते हिचं होऊ द्यायचं नाही. घरात होता तो निळा नायलॉनचा दोर घेतला, गळ्यात सरकफास टाकला आणि शेडच्या लोखंडी खांबाला खाली, तिच्या गुडघ्याच्या उंचीवर, निरगाठ मारून बांधली. चार हिसके देईल, दमेल आणि उभी राहील असा माझा समज होता. मी मोटर चालू करायला गेले. परत आले तर ती आडवी पडलेली, फास मानेत रुतलेला, जीभ बाहेर, डोळ्यांचं पांढरं दिसत होतं. गाठ ताणाने अशी आवळली होती की नख मोडलं तरी सुटेना. वैरणीच्या विळ्याने दोर कापला तेव्हा ती धडपडत उठली आणि पलीकडच्या कोपऱ्यात भिंतीला अंग लावून थरथरत राहिली.

त्या दिवसानंतर माझ्या हातात निळं काही दिसलं की मैना पातळ शेण टाकायची. बादलीला निळा पट्टा होता, ती बादलीसुद्धा तिला नको झाली. कालपर्यंत माझा पदर चघळणारं वासरू दहा फुटांवर थांबून बघायला लागलं.

आणखी एक गोष्ट नंतर उलगडली. तिसऱ्या आठवड्यात तिच्या शिंगांच्या कळ्या डागल्या होत्या. सुन्न करायचं इंजेक्शन देऊनच डागल्या, पण डोकं घट्ट धरून ठेवायचा तिचा पहिला अनुभव तो होता. म्हणजे डोक्याला हात लागला की दुखतं आणि गळ्याला दोर लागला की श्वास कोंडतो, हे दोन धडे आम्ही तिला अडीच महिन्यांच्या आत देऊन ठेवले होते.

मामा आले

ह्यांचे मामा आटपाडीकडचे. त्यांच्या घरात कित्येक पिढ्या खिल्लार जातीचे बैल. ट्रॅक्टर आल्यावर दावणीला आठ होती तिथे दोन बैल राहिले, पण खोंड शिकवायचा हात अजून तसाच आहे. फेब्रुवारीच्या मध्यावर लग्नासाठी आमच्याकडे आले. जेवण झाल्यावर गोठ्यात चक्कर मारली, मैना बघितली, आणि काही न विचारता पंधरा मिनिटं जाळीला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, “सूनबाई, हिला फास लागलाय का कधी?”

मी सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच विचारलं, “दोर घातल्यावर तिला सुटका कुठं ठेवली हुतीस?”

या प्रश्नाचा अर्थ मला चार दिवसांनी नीट कळला. सरकफास ओढला की आवळतो आणि वासराने ओढणं थांबवलं तरी आपोआप ढिला होत नाही. म्हणजे वासराने काहीही केलं तरी उत्तर एकच, गळा आवळलेला. अशा दोरातून ते शिकणार काय? म्होरकी म्हणजे जनावराच्या तोंडाभोवती घालायचा दोर, तिचा वेढा वेगळा. एक फेरा कानांमागून, एक नाकाच्या दांडीवरून, आणि हनुवटीखालून सरकणारा दोर डाव्या अंगाने बाहेर. ओढलं की हनुवटीखाली दाब येतो, वासरू पाऊलभर पुढे आलं की दाब जागच्या जागी सुटतो. गळ्याला, श्वासनळीला कुठेच धक्का नाही. मामांच्या भाषेत, दोराला झोळ पडला पाहिजे. “झोळ पडला की तिला कळतं, आपुन बरुबर केलं.”

खिल्लारच्या मुलखात हे शिक्षण सहा महिन्यांच्या आत होतं. वेसण त्यानंतर बऱ्याच काळाने, दीड-दोन वर्षांचा खोंड झाल्यावर, आणि जू त्याच्याही पुढे. खरसुंडीच्या, आटपाडीच्या बाजारात गिऱ्हाईक आधी खोंड म्होरकीवर चालवून बघतं, मग दात बघतं. दूधवाल्यांनी हे सगळं बैलांचं काम म्हणून बाजूला ठेवलं. पण बैलाला निदान वेसण असते. आमच्या कालवडीला तीही नाही, आणि आयुष्यभर तिला लस, रेतन, गाभण तपासणी, खुरं कापणं, यासाठी माणसापुढे उभं राहायचंच आहे. तिला हे शिक्षण बैलापेक्षा कमी लागतं असं आम्ही कशावरून ठरवलं, मला खरंच कळत नाही.

मामा दोन दिवसांसाठी आले होते, वीस दिवस राहिले.

दोराशिवायचे तीन दिवस

मामांनी पहिल्यांदा टेप मागितला. मैना दहा आठवड्यांची, घेर ३५ इंच, लांबी ३४, म्हणजे त्रेसष्ट किलो. “अजून आपल्या वजनाखाली हाय,” एवढं बोलून त्यांनी निळे दोर सगळे गोठ्याबाहेर काढायला लावले.

तीन दिवस दोर नाही. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास मी वासरांच्या कप्प्यात घमेलं पालथं घालून बसायचं आणि काही करायचं नाही. हे मला जड गेलं. गोठ्यात दहा कामं पडलेली असताना बसून राहायचं! पण पहिल्या दिवशी संध्याकाळी मैनाने मागून येऊन माझ्या खांद्याचा वास घेतला. मी वळले तशी ती पळाली. “वळू नको,” मामा बाहेरून म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिने पदर तोंडात धरला. तिसऱ्या दिवशी मी हात खालून नेला आणि गळ्याखाली लोंबणारी पोळी खाजवली. वरून, डोक्यावरून हात नेला की ती अजून मान झटकत होती, म्हणून पोळी, मग खांदा, मग शेपटीच्या बुडाशी, आणि अगदी शेवटी कानामागे, अशा क्रमाने गेले. शेपटीच्या बुडाशी खाजवलं की ती मान लांब करून डोळे अर्धे मिटायची. ती जागा पुढे आम्हाला फार उपयोगी पडली.

मामांनी आणखी एक दाखवलं, ते आधी कोणी दाखवलं नव्हतं. गाईच्या डोळ्यांना दोन्ही बाजूंचं जवळजवळ सगळं दिसतं, फक्त नेमकं मागचं दिसत नाही. माणूस बरोब्बर मागे गेला की दिसेनासा होतो, मग वासरू गर्रकन वळतं आणि आपण म्हणतो लाथ मारली. आणि खांद्याजवळ एक रेघ असते. माणूस खांद्याच्या मागे असला तर वासरू पुढे निघतं, पुढे आला तर थांबतं किंवा मागे सरतं. मी ओढताना नेहमी तिच्या तोंडासमोर उभी राहत होते आणि पुढे ये म्हणत होते! तिला माझं अंग थांब म्हणत होतं, हात ये म्हणत होता. आमच्या पशुवैद्यांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी अमेरिकेतल्या टेंपल ग्रँडिन यांचं नाव घेतलं, त्यांनी हाच खांद्याचा नियम जनावरं हाताळणाऱ्यांसाठी चित्रं काढून मांडला आहे. मामांनी ते नाव ऐकलेलं नाही.

म्होरकी अंगवळणी

चौथ्या दिवशी मामांनी सुती दोर वळला, करंगळीएवढा. नायलॉन का नको, तर तो घसरला की कातडी भाजतो, आणि ताण आला की गाठ दगड होते. पहिल्यांदा म्होरकी खुराकाच्या टोपल्यात ठेवली. मैनाने हुंगली, फुस्स केलं, मागे गेली, पुन्हा आली. दुपारपर्यंत म्होरकी बाजूला सारून खायला लागली. संध्याकाळी खाता खाताच मामांनी नाकावरचा फेरा सरकवला, काढला, सरकवला, काढला. पाचव्या वेळी कानांमागून टाकला.

नाकावरचा फेरा कुठे बसतो ते महत्त्वाचं आहे. डोळा आणि नाकपुडी यांच्या मध्यावर, हाडावर. त्याखाली हाड संपतं आणि मऊ कूर्चा लागते, तिथे फेरा आला तर दाबाने श्वास अडतो. वर सरकला तर कडेचा दोर डोळ्यात जातो. फेऱ्याखाली दोन बोटं जातील एवढी सैल हवी. वाढत्या वासराची म्होरकी तशीच घालून ठेवली तर महिन्याभरात ती नाकात रुतायला लागते. अशी रुतलेली, खाली जखम होऊन अळ्या पडलेली म्होरकी मी एका गोठ्यात पाहिली आहे. म्हणून आमच्याकडे शिकवून झालं की म्होरकी काढून ठेवतो.

पुढचे तीन दिवस मैनाने म्होरकी घालून चार फूट दोर मागे ओढत फिरायचं, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास, आमच्या डोळ्यांसमोर. बाकीची वासरं वेगळी केली, कारण ती दोर चोखतात आणि दोघांचे पाय गुंततात. आता दोरावर पाय कोणाचा पडणार? तिचाच. पाय पडला की मान खाली ओढली जायची, ती हिसका द्यायची, दाब वाढायचा. मग कधीतरी पाय उचलला जायचा आणि दाब सुटायचा. पहिल्या सकाळी ती तीन वेळा घाबरली. दुसऱ्या संध्याकाळी दोरावर पाय पडल्याबरोबर तिने मान थोडी पुढे दिली, पाय उचलला आणि चालू लागली. मी ओरडलेच, मामा बघा बघा! या शिकवणीत माणसाचा हात कुठेच नव्हता, त्यामुळे माणसाची भीतीही आत शिरली नाही. बिघडलेल्या वासरासाठी हा टप्पा मी कधीच गाळणार नाही.

सातव्या दिवशी बांधली. अंगणातल्या कडुनिंबाला, तिच्या डोळ्याच्या उंचीवर, दीड फूट मोकळा दोर ठेवून. खाली बांधलं की दोर पायात येतो आणि वासराला सगळ्या अंगाचा जोर लावायला मिळतो. दोर लांब ठेवला की धावत येऊन हिसका बसतो, मान दुखावते. खोडाला आधी सायकलची जुनी ट्यूब बांधली आणि ट्यूबला दोर, म्हणजे हिसका बसला तरी रबर थोडं येतं. गाठ सुरगाठ. शेंडा ओढला की एका झटक्यात सुटली पाहिजे. ती मामांनी माझ्याकडून तीस वेळा बांधून घेतली, डोळे मिटूनसुद्धा.

मैना मागे ओढत बसली. दोनदा पाय रोवून, एकदा अंग टाकून. मामा माझ्या शेजारी उभे, हात शेंड्याजवळ. “पडून मान अडकली तर सोड. नुसती वढतीया तर बघत ऱ्हा.” सहाव्या मिनिटाला ती एक पाऊल पुढे आली, ट्यूब सैल झाली, दोराला झोळ पडला. तिने कान हलवले. पुन्हा मागे गेली, पण अर्धवट. अकराव्या मिनिटाला शांत उभी राहिली. मी शेपटीच्या बुडाशी खाजवलं आणि मगच सोडली. धडपडत असताना सोडली असती तर धडपडल्यावर सुटका, हा धडा पक्का झाला असता.

पुढे रोज पंधरा मिनिटं, मग अर्धा तास, खरारा करत. यापेक्षा जास्त वेळ वासरू बांधून ठेवायचं आम्हाला कारण नाही. हे इथे मुद्दाम लिहिते, कारण म्होरकी शिकली म्हणून दिवसभर हातभर दाव्याला टांगलेली वासरं मी पाहिली आहेत. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात, गैरवाजवी आखूड दोराला गैरवाजवी वेळ बांधणं हा गुन्हाच धरला आहे.

चालवणं, आणि अकरावा दिवस

नवव्या दिवशी चालवायला घेतली. मी गोठ्याच्या दारातून बाहेर ओढायला निघाले होते. मामांनी उलट केलं. तिला दोघांनी मिळून हलकेच ढकलत वीस पावलांवर आणलं आणि तोंड गोठ्याकडे करून दोर माझ्या हातात दिला. घराकडे जायला प्रत्येक वासराला आवडतं, तिथे त्याची सोबत आहे. पहिले धडे तिला हव्या असलेल्या दिशेनेच द्यायचे.

ती निघाली, चार पावलं चालली आणि गच्च थांबली. सरळ पुढे ओढलं तर चारी पाय रोवून ती माझ्या दुप्पट जोर लावते हे मला माहीत होतंच. मामांनी मला तिच्या डाव्या खांद्याजवळ उभं केलं आणि दोर पुढे न ओढता किंचित बाजूला धरायला सांगितलं. बाजूला मान वळली की तोल जातो आणि पुढचा पाय उचलावाच लागतो. “पाय हलला का? सोड. लगीच सोड. उशीर झाला.” पहिल्या दहा वेळेला मला उशीरच झाला. पाय हलला हे दिसेपर्यंत, समजेपर्यंत, हात सैल होईपर्यंत तिचा पाय टेकलेला असायचा. हे कसब वासराच्या आधी माणसाने शिकायचं असतं. वीस पावलांना त्या दिवशी पंचवीस मिनिटं लागली. दहाव्या दिवशी तेवढीच पावलं पाच-सहा मिनिटांत झाली आणि मला वाटलं, झालं!

अकराव्या दिवशी ती मधेच बसली. आधी पुढचे गुडघे, मग सगळं अंग, आणि मान जमिनीवर टाकून पडून राहिली. डोळे उघडे, पण माझ्याकडे बघेना. ह्यांनी लांबून पाहिलं आणि शेपटी पिरगाळायला धावले, सगळे तेच करतात. मामांनी हात धरला. शेपटी पिरगाळली की वासरू उठतं यात शंका नाही, पण पुन्हा बसताना ते आधी लाथ झाडून बसतं. शिवाय तिथली हाडं लहान असतात, मोडतात.

दोर पूर्ण सैल सोडला, हातात नुसतं टोक. मी उकिडवी बसले. बारा मिनिटं गेली, मोबाईलवर बघितली म्हणून माहीत. ऊन चढत होतं. मामा तंबाखू मळत होते. मैनाने मान उचलली, माझ्या गुडघ्याचा वास घेतला, मागचं अंग उचललं, उभी राहिली. मी एक पाऊल चालले, तिने एक टाकलं. मामा म्हणाले, “बास. आजचं झालं.” एका पावलासाठी सकाळ गेली, असं ह्यांना वाटलं. संध्याकाळी आदल्या दिवसापेक्षा जास्त चालली. का बसली असेल, यावर मी पुष्कळ विचार केला. आदल्या दिवशी मी हुरूप येऊन तिला दुप्पट चालवलं होतं आणि सकाळचं दूध पाजायच्या आधी बाहेर काढलं होतं. उपाशी, दमलेलं वासरू काही शिकत नाही.

चौदाव्या दिवशी रस्त्यावरून उसाचा ट्रॅक्टर जोरजोरात गाणी लावून गेला. मैना उधळली, दोर माझ्या तळहातातून सर्रकन गेला. मी सोडला. ह्यांच्या बोटाची आठवण ताजी होती, म्हणून पहिल्या दिवसापासून दोराची घडी तळहातात धरत होते, वेढा कधीच घेतला नाही. ती पन्नास पावलांवर थांबली, दोरावर स्वतःचाच पाय पडला आणि शहाण्यासारखी उभी राहिली. मी चालत जाऊन टोक उचललं.

विसाव्या दिवशी मामा गेले, तेव्हा मैना माझ्या उजव्या हाताला, दोराला झोळ ठेवून, विहिरीपर्यंत जाऊन परत येत होती.

पुढची दोन वर्षं

शिकवणं वीस दिवसांत संपलं असं कोणी समजू नये. त्यानंतर आठवड्यातून दोनदा दहा मिनिटं, ती वर्षाची होईपर्यंत. पण रोजच्या कामात फरक लगेच दिसला. चार महिन्यांनंतर लाळ्या-खुरकुताची लस झाली आणि पुढे सांसर्गिक गर्भपाताची, जी कालवडींना चार ते आठ महिन्यांच्या वयात आयुष्यात एकदाच देतात. दोन्ही वेळा मी एकटीने धरली. कानाला बिल्ला मारताना तिने मान झटकली, तेवढंच. मे २०२४ मध्ये सतरा महिन्यांची असताना माजावर आली, म्होरकी घातली, गव्हाणीच्या खांबाला सुरगाठ मारली, रेतन करणाऱ्यांचं काम पाच मिनिटांत झालं. पहिल्याच रेतनाला गाभण राहिली. फेब्रुवारी २०२५ मध्ये व्याली. कालवड झाली.

पहिलटकरीण दूध काढायच्या मशीनला उभी राहणं ही आमच्याकडे मोठी परीक्षा असते. घाबरलेली गाय पान्हा चोरते, कारण भीतीने अंगात जे सुटतं ते पान्हा सोडणाऱ्या ऑक्सिटोसिनला आडवं येतं. मैनाचे मागचे पाय एकदाही बांधावे लागले नाहीत. दोन दिवस मी शेपटीच्या बुडाशी खाजवत उभी राहिले, तिसऱ्या दिवशी त्याचीही गरज उरली नाही.

चंद्रीला आम्ही मैनाच्याच वेळी शिकवायला घेतलं होतं, मामांच्याच पद्धतीने, खोडा विकत आणून. दोन महिने घातले. ती खोड्यात जायला लागली, म्होरकी घालू द्यायला लागली, पण दोरावर चालणं तिला आलं नाही. उघड्या जागेत आजही तिला दोराने नेता येत नाही. दोघींचा स्वभाव वेगळा असेल, रक्त वेगळं असेल, हे मी मान्य करते. तरी त्रेसष्ट किलो आणि तीनशे किलो यांतला फरक मी स्वतःच्या दंडांनी अनुभवला आहे.

आता आमच्याकडे वासराला तिसऱ्या आठवड्यापासून म्होरकीची सवय लावतो, शिंगं डागून झाल्यावर आठ दिवस थांबून. डागायच्या आधी आठवडाभर डोक्याला रोज नुसता हात लावतो, म्हणजे डोक्यावरचा पहिला हात दुखरा नसतो. दोर सुती, निळा दोर गोठ्यात आणायचा नाही.

एक गोष्ट मात्र अजून जमलेली नाही. मैना माझ्याबरोबर कुठेही येते, ह्यांच्याबरोबर दाराशी थांबते. शिकवताना वीसही दिवस दोर माझ्याच हातात होता, तो आळीपाळीने द्यायला हवा होता हे मामांनाही तेव्हा सुचलं नाही. मागच्या महिन्यात मी माहेरी गेले होते आणि नेमकी तिची खुरं कापायची तारीख आली. ह्यांनी माझी जुनी साडी खांद्यावर टाकली तेव्हा कुठे ती बाहेर आली. तिच्या कालवडीला सध्या ह्यांनीच शिकवायला घेतलं आहे. कालचा तिचा पाचवा दिवस, दोरावर पाय पडला की ती अजून हिसका देते.